केबिनला हात लावू नको

मला राग लवकर येतो आणि धक्का त्याहून लवकर बसतो. नवरा म्हणतो, तू टोमॅटो चिरतानासुद्धा "अगं बाई!" म्हणतेस. म्हणत असेन. पण त्या वर्षी एका गाडीने मला जे धक्के दिले, ते त्याला बसले असते तर त्याच्या शनिवार पेठेतल्या तोंडातूनसुद्धा चार दिवस शब्द फुटला नसता.

गाडी म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, जुनी डिझेल पिकअप. वाघोलीला आमची शेती होती तेव्हा मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर सगळं तिच्यातूनच मार्केट यार्डात जायचं. पहाटे निघायची, उन्हं वर आली की परत. गाडीत दोघं ठरलेली. चालवायला अण्णा आणि त्यांच्या डाव्या हाताला आई. आई कधीच मागे राहिली नाही. अंगात ताप असला तरी डोक्याला फडकं बांधून जाऊन बसायची. आम्ही चिडवायचो, "आई, अण्णा काही पळून जायचे नाहीत." ती म्हणायची, "तुमी तुमचं बघा." पदर खोचायची आणि चढायची.

पुढे शेतीचा मोठा तुकडा बिल्डरकडे गेला. घरामागे दीड एकर तेवढं उरलं. मग आई गेली. तिचं तेरावं झालं आणि अण्णांनी माझ्या भावाला सांगून पिकअप चिंचेखाली लावून घेतली, किल्ली देवघरात ठेवली. त्यानंतर तीन वर्षं त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. ओसरीवर खाट टाकून दिवसभर समोरच्या इमारतींकडे बघत बसायचे. आम्ही म्हणायचो, आईचं दुःख. दुसरं काय म्हणणार!

मी तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवते. लेथ, वेल्डिंग, फिटिंग. बाईमाणूस वेल्डिंग शिकवते म्हणून सुरुवातीला पोरं फिदीफिदी हसायची, आठवड्याभरात बंद व्हायची. तर एकदा सहकाऱ्यांबरोबर एका डोंगराच्या उतारावर चिखलातून गाड्या चालवायला गेले आणि वेडीच झाले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! चारही चाकं ओढणारी उंच गाडी, खाली दगडधोंडे, आणि गाडी आपली चढतेय! घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. अण्णांची पिकअप अशीच करायची. म्हातारा खाटेवरून उठेल. स्वतःच्या दीड एकरात का होईना, नांगरलेल्या ढेकळांतून, ओढ्यातून, बांधावरून गाडी हाकेल.

नवरा म्हणाला, "अशी फेरफार केलेली गाडी रस्त्यावर आणलीस तर जप्त होईल."

"रस्त्यावर आणायचीच नाहीये. रानात चालवायचीय."

"अच्छा. म्हणजे दीड एकरात फिरायला रणगाडा. उत्तम."

मी लक्ष दिलं नाही. वाघोलीला गेले आणि अण्णांसमोर बसून सगळं सांगितलं. "गाडी नवी करते, अण्णा. कुठूनही जाईल अशी. आणि पहिल्यांदा तुम्हीच चालवायची. तुमच्याआधी कुणी बसणार नाही." अण्णांनी चिंचेखालच्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "किती दिस लागतील?"

"वर्ष तरी लागेल."

"वरीस," ते म्हणाले, आणि त्यांनी मान हलवली. "कर मग. पर केबिनला हात लावू नको. बाकी काय बी कर."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तीन वर्षांत ते पहिल्यांदा कशाला तरी हो म्हणाले होते. केबिन म्हणजे आईची जागा, तिला हात लागू नये असं त्यांना वाटत असणार, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं आणि डोळेसुद्धा पुसले.

गाडी टेम्पोमागे बांधून विश्रांतवाडीला नेली. आळंदी रस्त्याच्या आत एका गल्लीत एका मिस्त्रींची शेड होती. साठीचा माणूस, एकटा काम करणारा, बोलणं मोजकं आणि तेही तिरकं. सुट्टीच्या दिवशी मी जायची, कपडे बदलायची आणि त्यांच्याबरोबर गाडीखाली शिरायची.

पहिला धक्का पहिल्याच रविवारी. मागचा हौदा उतरवला आणि चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, बघून मी किंचाळलेच. एका ठिकाणी बोट घातलं तर बोट आरपार! मिस्त्री म्हणाले, "यावर किती माल न्यायचे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "देव आहे म्हणायचा." मग इंजिनचं हेड उघडलं. एका पिस्टनच्या रिंगांचे तुकडे झालेले. हे इंजिन चालत कसं होतं? मिस्त्री म्हणाले, "चालत नव्हतं, उपकार करत होतं." प्रत्येक रविवारी असं काहीतरी निघायचं आणि मी घरी येऊन नवऱ्याला ऐकवायची. तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचा, "नवीन पिकअप घेतली असती तर धक्के कमी बसले असते."

पण काम पळत होतं. चासीला नवीन पत्रे जोडले. मोडीत निघालेल्या एका जीपचा पुढचा एक्सल मिळाला, चारही चाकांना ताकद देणारा गिअरबॉक्स मिळाला. स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी वीतभर उचलली. ही एवढी मोठी टायरं आली. मी मिस्त्रींच्या मागे हात धुऊन लागले होते. हे झालं का, ते झालं का? वर्षाचं काम आठ महिन्यांत संपत आलं आणि मी सगळ्यांना जाहीर करून टाकलं की दसऱ्याला गाडी वाघोलीला येणार, पूजा होणार आणि अण्णा स्वतः चालवत ती रानात नेणार. भावाला सांगितलं, चुलत्यांना सांगितलं, शेजारपाजाऱ्यांना सांगितलं. अण्णांना फोन केला.

"दसऱ्याला?" अण्णा म्हणाले. "येवढ्या लौकर?"

"मग! लेक कुणाची आहे?"

पलीकडे काही आवाज नाही. मला वाटलं, गहिवरले. वहिनी मागे म्हणाली होती की अण्णा फार वाळलेत, जेवतात पण अंगाला लागत नाही. मी तिलाच सांगितलं, "गाडी येऊ दे, बघ कसे टवटवीत होतात!" आज हे वाक्य आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

दसऱ्याला तीन आठवडे राहिले होते. गाडी उलटली तर आतला माणूस चिरडू नये म्हणून केबिनमध्ये लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा होता. मिस्त्रींनी केबिनच्या तळाला हातोडी मारली. भद्द आवाज आला.

"तळ कुजलाय. केबिन उघडावी लागेल."

"नाही हो. अण्णांनी केबिनला हात लावू नको म्हणून सांगितलंय."

"मग पिंजरा हवेत लटकवू?"

काय करणार? म्हटलं, उघडा, आणि नंतर जसं होतं तसं बसवा. अण्णांना कळायचं कारण नाही.

इथे केबिनमधल्या घंटांबद्दल सांगायला हवं. आमचे बैल विकले तेव्हा अण्णांनी त्यांच्या गळ्यातल्या दोन घंटा ठेवून घेतल्या. एकीचा आवाज भरदार, दुसरीचा किणकिणता. पुढे त्यांनी त्या पिकअपमध्ये बांधल्या, भरदार ब्रेकच्या पेडलला आणि किणकिणती क्लचला. पाय दाबला की वाजायच्या. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! बैल गेले तरी अण्णांनी बैलांची आठवण सोडली नाही. दारात बैल नव्हते म्हणून दरवर्षी पोळ्याला आम्ही या पेडलांची पूजा करायचो. हो, पेडलांची. मी स्वतः तबक घेऊन केबिनमध्ये वाकून ब्रेकला हळदकुंकू लावलेलं आहे, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवलेला आहे. नवऱ्याने एकदा विचारलं होतं, "ॲक्सिलरेटरला का नाही? तो परक्या घरचा का?" त्यावर आईसुद्धा हसली होती.

तर मिस्त्रींनी पेडलं सोडवली, घंटांसकट टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि मला विचारलं, "बाई, तुमच्या वडिलांना पाय आहेत ना?"

"म्हणजे काय? आहेत की! दोन्ही आहेत!"

"मग हे बघा."

मी बघितलं. ब्रेकच्या पेडलच्या दोन्ही कडांना पट्ट्या वेल्ड केलेल्या होत्या, बोटभर उंच. पाय आत ठेवला की इकडेतिकडे घसरू नये अशा. क्लचला तशाच. ॲक्सिलरेटरच्या खाली लाकडाचा ठोकळा ठोकलेला, पेडल एका मापाच्या पुढे जाऊच नये म्हणून. मी वाकून पूजा करायची तेव्हा हळदीकुंकवाच्या थराखाली हे सगळं होतं आणि मला, वेल्डिंग शिकवणाऱ्या बाईला, ते कधी दिसलं नव्हतं.

"पायाला कळत असेल तर माणूस पेडलला भिंती घालत नाही," मिस्त्री म्हणाले.

"आणि या घंटा? त्या तर बैलांच्या..."

"असतील बैलांच्या. पण बांधल्यात कशा ते बघा. नुसता पाय ठेवला तर वाजत नाहीत. ब्रेक लागेल एवढं पेडल खाली गेलं तरच वाजतात. मोजून बांधल्यात. कोणता पाय कशावर आहे आणि किती दाबलाय, ते त्यांना कानाने कळत होतं."

अण्णांना साखर आहे हे आम्हाला वीस वर्षांपासून माहीत होतं. सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी, यापलीकडे, साखरेने पाय बधिर होतात वगैरे, कुणी विचार केला नव्हता. पण आता एकेक आठवायला लागलं. एकदा मी माहेरी असताना अण्णा रानातून आले आणि ओसरीवर त्यांच्या उजव्या पावलाचे रक्ताचे ठसे उमटले. ते आपले बोलत बोलत चाललेत! आई धावली, टाचेतली काच काढली, फरशी पुसली आणि मला म्हणाली, "काय न्हाई, खरचटलंय." मी चहा पीत होते. मी चहा पीत राहिले. अगं बाई, मी चहा पीत राहिले!

"आणि हे एक," मिस्त्री म्हणाले.

तो हँडब्रेक होता. त्याच्या दांड्याला एक पाइप जोडून डाव्या सीटकडे वळवलेला. टोकाला कापड गुंडाळलेलं. तो पाइप मी हजारदा बघितला होता. "याला आई डब्याची पिशवी अडकवायची," मी म्हटलं.

"हँडब्रेकला?" मिस्त्री एवढंच म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

मी पाइप हातात घेतला. कापड म्हणजे आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ होता, मीच आणलेल्या लुगड्याचा. मूठ धरायच्या जागी तो घासून काळा आणि गुळगुळीत झाला होता. एका दिवसात होत नाही तसं. जिला सायकल चालवता येत नव्हती, रस्ता ओलांडताना जी माझा हात धरायची, ती माझी आई वर्षानुवर्षं मार्केट यार्डापर्यंत भरलेल्या पिकअपचा ब्रेक हातात धरून बसत होती! आणि आम्ही तिला काय म्हणायचो? अण्णा पळून नाही जायचे.

मग राग आला. असा आला की कानशिलं तापली. कारण माझी मुलगी लहानपणी सुट्टीत आजोळी गेली की त्या दोघांच्या मधे बसून मार्केटला जायची. मी हौसेने पाठवायची! तो पाइप सोडवून माझ्या गाडीत टाकला आणि दुपारच्या उन्हात वाघोली गाठली.

अण्णा खाटेवर बसले होते. घरात वहिनी होती, भाऊ बाहेर गेलेला. मी पाइप त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो बघितला आणि मान खाली घातली.

"केबिन उघडलीस," ते म्हणाले.

"उघडली. अण्णा, तुम्हाला पायाचं काही कळत नाही?"

"घोट्याच्या खाली न्हाई."

"कधीपासून?"

"लई वर्सं झाली."

"आणि तुम्ही गाडी चालवत होतात! माझ्या पोरीला मधे बसवून! काही झालं असतं म्हणजे? रस्त्यावरची माणसं, शाळेची पोरं, कुणाचा विचार केलात का? आणि आईला हे सगळं करायला लावलंत?"

माझा आवाज एवढा चढला की वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली. अण्णा शांतपणे ऐकून घेत होते.

"खरं हाय तुझं," ते म्हणाले. "चुकीचंच व्हतं. मी सोडणारच व्हतो. तुझी आई म्हणली, डायवर ठिवला तर तो म्हणंल तवा जायाचं, तो म्हणंल तवा यायाचं. आपला माल हाय, आपुन नेऊ. मी डोळं आन् कान ठिवते, तुमी चाक धरा. ती गर्दी दिसली की आधीच सांगायची. मोठा बिरेक तिच्या हातात. गाडी माझी नव्हतीच, पोरी. निम्मी तिची व्हती."

"मग ती गेल्यावर सांगायचं ना आम्हाला!"

"काय सांगू? बाप आंधळा हाय पायानं, म्हणून?"

चिंचेखालची जागा रिकामी होती, तिथे डिझेलचा काळा डाग अजून होता. मी खाटेच्या कडेला बसले. मग एक गोष्ट डोक्यात आली आणि मी विचारलं, "मग मी गाडी नवी करते म्हणाले तेव्हा हो कशाला म्हणालात? दसऱ्याला सगळ्यांसमोर काय करणार होतात?"

अण्णांनी पंच्याने तोंड पुसलं.

"तू म्हणलीस वरीस लागंल. म्हणलं, तवर आपुन कुठं हाय? पोरीचं मन कशाला मोडा! ती करंल गाडी, आन् आपुन जाऊ त्याच्या आधी. कुणाला काय कळायचं न्हाई."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आठ महिने मी त्या मिस्त्रींच्या मागे लागून घाई करत होते, घाई! माझ्या बापाने मरायला मुदत मागून घेतली होती आणि मी ती चार महिन्यांनी कमी करत आणली होती. मी तिथेच, त्यांच्यासमोर, फोन लावला.

"मिस्त्री, दसरा रद्द. गाडी परत उघडायची."

"आत्ता कुठे जोडत आणली होती."

"उघडा. क्लच, ब्रेक, रेस, सगळं हातावर घ्यायचं. पायाचं काही नको. जमेल?"

तिकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "जमेल. किती दिवस देताय?"

"वर्ष. पुरं वर्ष घ्या. एक दिवस आधी दिलीत तर बघा."

"बाई, तब्येत बरी आहे ना?" मिस्त्रींनी विचारलं. मी फोन ठेवला.

अण्णा माझ्याकडे बघत होते. "हातानं चालती व्हय गाडी?"

"चालते. आपल्या रानात, सरळ, सावकाश. गेटच्या बाहेर मी तुम्हाला जाऊ देणार नाही, ते विसरा. पण पहिली तुम्हीच चालवायची. तुमच्याआधी कुणी बसणार नाही, हे ठरलंय. पुढच्या दसऱ्याला तुम्ही इथे हजर पाहिजे."

ते बोटांनी खाटेची सुंभाची वीण चाचपत होते. मग हळूच, शाळेतल्या पोराने चूक सांगावी तसं म्हणाले, "मंग गोळ्या परत चालू कराव्या लागतील."

"म्हणजे? बंद आहेत?"

त्यांनी उशी हाताने मागे सारली.

"अण्णा, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"तू गाडी न्हेलीस त्या दिसापासनं."

मी ओरडले नाही. पहिल्यांदाच, आयुष्यात पहिल्यांदाच, मला ओरडता आलं नाही. वहिनीने दर महिन्याला आणून दिलेली गोळ्यांची पाकिटं त्यांच्या उशीखालच्या पिशवीत होती, एकही फोडलेलं नाही. ती मी मांडीवर घेतली आणि मोजायची हिंमत झाली नाही म्हणून तशीच पिशवीत परत घातली.

"उठा," मी म्हटलं. "डॉक्टरकडे जायचंय."

"आत्ता? उद्या जाऊ की."

"आत्ता. चपला घाला."

ते उठले. खाटेचा आधार घेत चपलांपाशी गेले, एकेक पाय पुढे केला आणि माझ्या गाडीकडे चालायला लागले. दोन पावलं गेले. डाव्या पायात चप्पल होती. उजवी तिथेच राहिली होती, आणि अण्णा तापलेल्या अंगणातून अनवाणी पायाने चालले होते, मागे वळून मला सांगत होते की पोरी, दार लोटून घे. मी ती चप्पल उचलली, धावत त्यांच्या पुढे गेले आणि खाली बसले. "पाय उचला, अण्णा," मी म्हटलं. त्यांनी खाली बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय उचलला.